सायकोसिसची सुरुवात कशी ओळखायची, आणि उपचारांनी काय काय परत येतं?

रानजाई (धागाकर्ती)

'मुलगा वेगळाच वागतोय, वयाचा भाग असेल का?' हा प्रश्न अलीकडे इथे पुन्हा पुन्हा येतोय. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते. मी डॉक्टर नाही. धाकट्या भावाची शुभंकर, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणारी घरची व्यक्ती आहे आणि बरीच वर्षं शुभंकरांच्या गटात जाते. खालचं सगळं त्या अनुभवातून आणि त्या निमित्ताने केलेल्या वाचनातून आलं आहे.

सायकोसिस म्हणजे नसलेलं ऐकू येणं-दिसणं (भास) किंवा खोटी पण ढळत नाही अशी खात्री (भ्रम) यांमुळे वास्तवाशी नातं तुटणं. हा शब्द म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो आवाज ऐकणारा, हवेशी भांडणारा माणूस. तो टप्पा पुष्कळ नंतरचा. त्याआधी कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंसुद्धा, जे चाललेलं असतं ते घरातल्यांच्या नजरेतून सहज निसटतं. झोप उलटीपालटी होते, रात्रभर जाग आणि दिवसा ग्लानी. मित्र एकेक करून सुटतात, फोन उचलणं बंद होतं. बऱ्यापैकी अभ्यास करणाऱ्या मुलाला एक पान वाचून संपवता येत नाही, कारण वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात निसटलेली असते. आंघोळ, कपडे, केस यांच्याकडे दुर्लक्ष. चेहरा कोरा होत जातो, किंवा भलत्या वेळी हसू येतं. आवाज फार मोठे वाटतात, उजेड टोचतो. आणि या सगळ्याच्या तळाशी एक भावना असते: काहीतरी घडणार आहे, आणि ते माझ्याबद्दल आहे. रस्त्यावरचा माणूस खोकला तो मला उद्देशून. बातम्या देणारी बाई शब्द निवडते आहे ते मला कळावेत म्हणून. मग फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लागते, खिडक्या बंद होतात, ताटातलं अन्न आधी दुसऱ्याने खाऊन दाखवावं अशी अट येते.

यातली सुटी सुटी लक्षणं कुणालाही असू शकतात. परीक्षेचा ताण, प्रेमभंग, नैराश्य, यांतही झोप जाते आणि मित्र तुटतात. म्हणून मी एकेका लक्षणाकडे बघत नाही, तीन गोष्टी बघते. हा माणूस आधी जसा होता त्यापासून किती दूर गेलाय? बदल आठवडेच्या आठवडे टिकून आहे का, आणि शाळा-कॉलेज-काम यात घसरण झाली आहे का? आणि त्याला स्वतःला अजून शंका येते का?

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. सुरुवातीला माणूस आतून डळमळीत असतो. 'मला उगाच वाटतंय का ते सगळे माझ्याबद्दल बोलतायत?' असं तो स्वतःहून विचारतो, अर्धवट, दुसऱ्याच विषयाच्या मध्ये. त्या वेळी तो मदत घ्यायला तयार असतो. पुढे शंकेची जागा खात्री घेते. मग 'तू आजारी आहेस' असं म्हणणारी व्यक्तीसुद्धा कटात सामील दिसू लागते. शंका आहे तोवर बोलणं, हे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते.

आता वेळेबद्दल. स्पष्ट लक्षणं दिसू लागल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंतचा काळ संशोधक वेगळा मोजतात, कारण तो जितका लांबतो तितका पुढचा सुधार अवघड जातो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेत ३४ केंद्रांवर ४०४ तरुण रुग्णांना घेऊन झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या काळाचा मध्यक ७४ आठवडे होता. म्हणजे निम्म्या लोकांचं जवळजवळ दीड वर्ष किंवा त्याहून जास्त असंच गेलं होतं. त्याच अभ्यासात औषध, कुटुंबासोबतचं काम, समुपदेशन आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत हे सगळं एकत्र मिळालेल्यांची प्रगती जास्त झाली, आणि त्यातही ज्यांचा काळ ७४ आठवड्यांहून कमी होता त्यांना खूपच जास्त फायदा झाला.

नॉर्वेच्या रोगालँड भागातलं काम मला यापेक्षाही बोलकं वाटतं. तिथे १९९७ पासून शाळा, वर्तमानपत्रं आणि फॅमिली डॉक्टर यांच्यापर्यंत लक्षणांची माहिती पोचवली गेली आणि कुणीही थेट फोन करावा असं एक शोधपथक ठेवलं. मध्यक काळ २६ आठवड्यांवरून ५ आठवड्यांवर आला. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा अशी मोहीम असलेल्या भागातले साधारण ३१ टक्के रुग्ण लक्षणांतून आणि रोजच्या जगण्यातही सावरलेले होते, मोहीम नसलेल्या भागांत १५ टक्के. जाहिराती थांबवल्यावर तो काळ परत वाढला, हेही तिथेच नोंदवलेलं आहे. औषधं दोन्हीकडे होती. फरक होता तो माणसं किती लवकर पोचली याचा.

उपचारांनंतर काय होतं यावर खाली प्रतिसादांत बोलूच. तुमचे अनुभव लिहा, नावं-ठिकाणं टाळून.

---

कवडसा

वाचताना हात गार पडले. मुलगी १७ वर्षांची. हल्ली म्हणते की कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारतं, वळून बघितलं तर कुणी नसतं. खोलीतून बाहेर येत नाही, मार्क घसरले आहेत. हे तेच का?

---

मनोज्ञ

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. कवडसा, न तपासता मी 'हो' किंवा 'नाही' म्हणणार नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

झोप लागताना किंवा जाग येताना हाक ऐकू येणं फार सर्रास आहे. जागेपणी असे अनुभव येणारेही कमी नाहीत. सर्वसामान्य लोकांच्या पाहण्या एकत्र केल्या तर सुमारे ७ टक्के लोकांना कधी ना कधी भास किंवा भ्रमासारखा अनुभव आलेला असतो आणि त्यांतल्या बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. सौम्य लक्षणं आणि घसरण दोन्ही असलेल्या, म्हणजे ज्यांना आम्ही जास्त जोखमीचे मानतो अशा मुलांतही पुढच्या तीन वर्षांत साधारण चौघांतल्या एकालाच पूर्ण सायकोसिस होतो. तीन जणांना होत नाही.

तरीही तपासणी हवी, कारण नाव घेऊन हाक मारल्यासारखं ऐकू येणं आणि मार्क घसरणं एकत्र आलं आहे. या टप्प्यावर लगेच सायकोसिसची गोळी सुरू करायची नसते. झोप नीट करणं, चिंता आणि नैराश्यावर उपचार, विचारांवर काम करणारं समुपदेशन आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा भेट, एवढ्यावर बहुतेक वेळा काम सुरू होतं. गांजा ओढत असेल तर तो बंद. युरोपातल्या ११ केंद्रांवरच्या अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांना सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसली, आणि तीव्र प्रकारचा रोज ओढणाऱ्यांत जवळपास पाचपट.

आणि तिला सरळ विचारा, जगणं नकोसं वाटतं का, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. सायकोसिसमध्ये आत्महत्येचा धोका सुरुवातीच्या काळातच सर्वांत जास्त असतो. उत्तर 'हो' आलं, किंवा आवाज तिला काही करायला सांगत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

---

दूरचा_डोंगर

मी शुभार्थी, म्हणजे हा आजार स्वतः अनुभवलेला. आतून ते कसं असतं ते लिहितो, कारण बाहेरून लिहिलेलं पुष्कळ मिळतं.

मला आजारी वाटत नव्हतं. मला वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा सगळं कळायला लागलंय. गाड्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, लोकांच्या शर्टांचे रंग, सगळं एकमेकांशी जुळत होतं. त्यात भीती होती आणि एक भयंकर महत्त्वही होतं. जगातली एवढी मोठी गोष्ट आपल्याला उमगली आहे आणि आई विचारतेय जेवलास का! तिचा राग यायचा तो त्यामुळे.

घरचे पुरावे मांडून वाद घालायचे. मी प्रत्येक पुराव्याला उत्तर शोधायचो आणि कट आणखी पक्का व्हायचा. रुग्णालयातल्या एका परिचारिकेने वेगळं केलं. तिने आवाज खरे आहेत असंही म्हटलं नाही, खोटे आहेत असंही नाही. ती म्हणाली, 'मला ते ऐकू येत नाहीत, पण तू किती घाबरला आहेस ते दिसतंय. किती दिवस झोपला नाहीस?' मी झोपेसाठी गोळी घ्यायला तयार झालो. आजारासाठी कधीच झालो नसतो.

---

रानजाई

दूरचा_डोंगर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या गटात नवी कुटुंबं येतात तेव्हा हाच मुद्दा समजावण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. भ्रमाशी वाद घालू नका, त्याला होकारही देऊ नका. त्यामागची भीती, न झालेली झोप, आलेला थकवा यांवर बोला. तिथे दोघांचं एकमत होऊ शकतं.

---

स्पष्टवक्ता_७

सगळं ठीक, पण ही औषधं माणसाचा दगड करतात. माझ्या चुलतभावाला पाहिलंय. एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाहीत. मुळात मेंदूत काय बिघडलंय हे रक्त तपासून दाखवता येत नाही, मग इतकी जड औषधं कशाच्या जोरावर?

---

मनोज्ञ

राग समजू शकतो, कारण जास्त मात्रेत दगड झालेले रुग्ण मीही पाहिले आहेत. पहिल्या एपिसोडमध्ये, म्हणजे आजार पहिल्यांदा उफाळतो तेव्हा, कमी मात्रा पुरते. आणि पहिल्यांदाच औषध घेणाऱ्यांत भास आणि भ्रम उतरण्याचं प्रमाण चांगलं असतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात ८७ टक्के रुग्णांना गुण आला होता.

दुष्परिणाम खरे आहेत. वजन पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने वाढतं. म्हणून सुरुवातीलाच वजन, कमरेचा घेर, साखर, चरबी यांची नोंद हवी आणि ती पुन्हा पुन्हा तपासायला हवी. काहींना पायांत अशी अस्वस्थता येते की एका जागी बसवत नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरही घाईत असतील तर मात्रा वाढवतात, आणि त्रास आणखी वाढतो. हे लक्षण नाव घेऊन सांगा: 'बसवत नाही, सतत येरझाऱ्या घालाव्या लागतात.' मात्रा कमी करून किंवा औषध बदलून ते कमी होतं. पाळी थांबणं, लैंगिक इच्छा जाणं याबद्दलही लाजू नका. रुग्ण हे बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात.

'जन्मभर' हा प्रश्न अजून वादातच आहे. मी वर म्हटलं त्याच गटाच्या पाठपुराव्यात पाच वर्षांत सुमारे ८२ टक्के लोकांची लक्षणं किमान एकदा उलटली, म्हणजे बरं वाटल्यावर पुन्हा परत आली, आणि औषध बंद केलेल्यांत तो धोका जवळपास पाचपट होता. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात मात्र वेगळं चित्र दिसलं. सावरल्यानंतर मात्रा हळूहळू कमी केलेल्यांत सुरुवातीला लक्षणं जास्त उलटली, पण सात वर्षांनी त्यांच्यातले ४० टक्के लक्षणांत आणि कामकाजात सावरलेले होते, औषध तसंच चालू ठेवलेल्यांतले १८ टक्के. मग २०२३ मध्ये इंग्लंडमधला मोठा अभ्यास आला, त्यात जुन्या रुग्णांची मात्रा देखरेखीखाली कमी केली. दोन वर्षांत २५ टक्के लोकांची लक्षणं गंभीरपणे उलटली, न कमी केलेल्यांत १३ टक्के, आणि सामाजिक जगण्यात फरक पडला नाही.

मी स्वतः काय करतो? पूर्ण सावरल्यानंतरही किमान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतो. त्यानंतर रुग्णाला कमी करून बघायचं असेल तर नकार देत नाही. पण अतिशय हळू, परीक्षा-लग्न-नोकरीबदल असा काळ टाळून, आणि घरातल्या एकाला सुरुवातीच्या खुणा पाठ असताना. एका रात्रीत गोळी बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

---

स्पष्टवक्ता_७

प्रामाणिक उत्तर. पायांच्या अस्वस्थतेचं माहीत नव्हतं, भाऊ नेमका तसाच येरझाऱ्या घालतो. काकूंना सांगतो डॉक्टरांशी बोलायला.

---

पाऊलवाट

मी प्रसूती विभागात काम करते. एक भर: बाळंतपणानंतरचा सायकोसिस. हजारात एक-दोन बायकांना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, गोंधळल्यासारखी वागते, मूड तासातासाला बदलतो, बाळाबद्दल विचित्र खात्री वाटू लागते. 'नवीन आई आहे, होईल ठीक' म्हणत थांबू नका. ही तातडीची बाब आहे, तासांत हलायला हवं. आधी बायपोलर (अति उत्साह आणि नैराश्य यांचे टप्पे येणारा आजार) असलेल्या किंवा मागच्या खेपेला असं झालेल्या बाईसाठी गरोदरपणातच आखणी करता येते. आणि उपचारांनी या बायका बऱ्या होतात, बहुतेक जणी पूर्णपणे.

---

मनोज्ञ

पाऊलवाट, महत्त्वाची भर. यालाच जोडून, पहिल्या एपिसोडमध्ये शारीरिक कारणंही शोधावी लागतात: थायरॉइड, ब १२ ची कमतरता, स्टिरॉइडसारखी औषधं, अपस्मार. २००७ मध्ये ओळखला गेलेला, शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा मेंदूचा एक दाह बऱ्याचदा तरुण मुलींत दिसतो आणि सुरुवातीला हुबेहूब सायकोसिससारखा भासतो. काही दिवसांत झपाट्याने बिघाड, झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताप, शुद्ध कमी-जास्त होणं असं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञही हवेत. त्यावरचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. वयस्कर माणसाला एक-दोन दिवसांत अचानक भास सुरू झाले तर आधी संसर्ग आणि औषधं तपासा.

---

सांजवात

माझा प्रश्न धाग्याच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे. मुलगा २२ वर्षांचा. रुग्णालयातून येऊन काही महिने झाले. आवाज बंद, संशय बंद. डॉक्टर म्हणतात छान सुधारणा. पण तो दिवसभर पडून असतो. दात घास म्हटलं तर उठतो, नाही म्हटलं तर नाही. आधी चित्रं काढायचा, आता पेन्सिलीकडे बघतही नाही. त्याचे बाबा त्याला आळशी म्हणतात आणि रोज कडाक्याचं भांडण होतं. हीच ती सुधारणा का? माझा मुलगा परत येणार की नाही?

---

रानजाई

सांजवातताई, हा धागा काढला तो खरं तर याच प्रश्नासाठी. बहुतेक कुटुंबं उपचारांवरचा विश्वास इथे गमावतात, लक्षणं असताना नाही.

भास आणि भ्रम सहसा आधी उतरतात, काही आठवड्यांत. इच्छा, उत्साह, लक्ष, चेहऱ्यावरचा भाव, लोकांत मिसळणं हे सगळं खूप मागून येतं, महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशोबाने, आणि गोळीचा त्यावर फारसा जोर चालत नाही. मोठं हाड मोडल्यावर प्लास्टर निघालं तरी पायात ताकद नसते, तसा हा काळ. 'आवाज थांबले, आता गोळी पुरे' हा निष्कर्ष या काळात चूक ठरतो. 'अजून पडूनच आहे, म्हणजे उपचार फसले' हाही चूकच.

पण पडून राहण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती सोडवून बघावी लागतात. औषधाची गुंगी किंवा जास्त मात्रा असू शकते. एपिसोडनंतर येणारं नैराश्य असू शकतं. मुलांना काय होऊन गेलं ते आता कळतं आणि शरमेने ती कोसळतात. घराबाहेर पडायची भीती असू शकते. आणि आजाराचाच तो भाग असू शकतो, ज्यात इच्छाच उमटत नाही. पहिल्या तीन कारणांवर बऱ्यापैकी लवकर काही करता येतं. डॉक्टरांना 'तो आळशी झालाय' असं न सांगता दिवसाचं वेळापत्रक लिहून द्या. किती वाजता उठतो, गोळीनंतर किती झोपतो, रडतो का, काय आवडेनासं झालं.

बाबांबद्दल. घरात टीका, चढा आवाज आणि अति काळजी असेल तर लक्षणं उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. याचा अर्थ आईवडिलांमुळे आजार झाला असा अजिबात नाही. याचा अर्थ एवढाच की घरातला आवाज खाली आणणं हासुद्धा उपचार आहे, आणि कुटुंबाला सोबत घेऊन काम केलं की लक्षणं उलटणं कमी होतं. बाबांना एक शुभंकर-बैठक तरी दाखवा. दुसऱ्या बापाच्या तोंडून ऐकलेलं पटतं.

'परत येणार का' याचं उत्तर आकड्यांत देते, कारण आशेचे गोड शब्द तुम्हाला पुष्कळांनी दिले असतील. पहिला एपिसोड आलेल्यांचे अनेक अभ्यास एकत्र केले तर सरासरी साडेपाच वर्षांनी ५८ टक्क्यांची लक्षणं शमलेली असतात. लक्षणांसोबत जगण्याची गाडीही रुळावर आलेले, असे सरासरी सात वर्षांनी ३८ टक्के. मधले पुष्कळ जण काही औषध, काही मदत आणि काही अडचणी घेऊन स्वतःचं आयुष्य जगतात. माझा भाऊ त्यांतला. त्याची चित्र-गाणी आधीसारखी नाहीत, पण आहेत, आणि तो कामावर जातो.

---

मनोज्ञ

रानजाईंशी सहमत. एक जोड: दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे घेऊनही भास हटत नसतील तर क्लोझापिनबद्दल विचारा. १९८८ च्या प्रसिद्ध अभ्यासात, इतर औषधांनी गुण न आलेल्यांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने सहा आठवड्यांत गुण आला, तुलनेच्या जुन्या औषधाने ४ टक्क्यांना. पांढऱ्या पेशींसाठी नियमित रक्त तपासावं लागतं, पोट साफ राहतंय का याकडेही लक्ष हवं. या धास्तीने ते वर्षानुवर्षं लांबवलं जातं, आणि त्या वर्षांचं नुकसान मी रोज बघतो.

---

दूरचा_डोंगर

सांजवातताई, मी तीच अवस्था काढली आहे. पडून असताना आतून काही ठरवलेलं नसतं, काही उमटतच नाही. मला बाहेर काढलं ते कामाने, उत्साह येईपर्यंत थांबून नाही. आठवड्यातून थोडे तास, ओळखीच्या माणसाकडे, चुकलो तरी चालेल असं काम. नोकरी टिकवायला मदत करणारी एक ताई सोबत होती. 'आधी बरा हो, मग काम' असं आधीचे सगळे सांगायचे, तिने ते उलटं केलं. त्याच्यासमोर कागद आणि पेन्सिल ठेवा, पण 'काढ' म्हणू नका.

---

सांजवात

तिघांचेही आभार. वेळापत्रक आजपासून लिहायला घेतलं. ह्यांना तुमचा प्रतिसाद वाचायला दिला, काही बोलले नाहीत, पण पूर्ण वाचला.

---

कवडसा

अपडेट: मनोविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. काल तिला मरणाच्या विचारांबद्दलही विचारलं, तसं काही नाही म्हणाली, आणि मग बराच वेळ बोलत बसली. आता अडलंय एवढंच, तिला काय सांगून न्यायचं? ताईच्या घरी जातोय असं सांगून नेऊ का?

---

रानजाई

नाही, खोटं सांगून नेऊ नका. संशय हाच ज्या आजाराचा गाभा असू शकतो, तिथे फसवून नेणं फार महागात पडतं. तिला जे खुपतंय त्याचंच कारण द्या: 'तुला झोप लागत नाही, हाका ऐकू येतात आणि तू घाबरतेस. हे का होतंय ते विचारायला जाऊ. तुला एकटीने बोलायचं असेल तर मी बाहेर थांबेन.' आणि जाताना तारखांसह टिपण न्या: काय बदललं, कधीपासून, झोप, शाळा, घरात कुणाला मानसिक आजार होता का, सध्या कोणती औषधं चालू आहेत. टिपण तिलाही दाखवा, तिच्या पाठीमागे देऊ नका.